मराठी शेजाऱ्याच्या घरातलं पिस्तूल: पॉटलकच्या गप्पांपासून रिचमंडच्या सबकमिटीपर्यंत

व्हर्जिनिया राज्यातल्या फेअरफॅक्स काउंटीत राहणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे. ते नुकतेच अमेरिकन नागरिक झाले, त्यांनी रीतसर पिस्तूल घेतलं, चालवायला शिकले. अमेरिकन घटनेतल्या दुसऱ्या दुरुस्तीने दिलेला शस्त्र बाळगण्याचा हक्क आता आपलाही आहे आणि तो टिकावा म्हणून आपण काहीतरी करावं, असं त्यांना वाटतं. पण मराठी मंडळाच्या पॉटलकला विषय काढला की सगळे ताटात बघायला लागतात. घरात पिस्तूल आहे हे कळल्यापासून शेजारीण मुलाला खेळायला पाठवताना का-कू करते. लोकांशी बोलावं कसं, काउंटीत आणि राज्यात काम कुठे करावं आणि गाडीवर स्टिकर लावावा का, असं त्यांनी विचारलंय.

मी व्हर्जिनियात पिस्तूल शिकवते आणि हिवाळ्यात विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की राजधानी रिचमंडला जाते. माझं मत एका वाक्यात सांगायचं तर, हा हक्क वाद जिंकून टिकत नाही. बंदूक बाळगणारा एक तरी शहाणा माणूस ओळखीत असला की लोक त्याला डोळ्यांसमोर ठेवून मत बनवतात. नसला तर बातम्यांत दिसलेल्या माणसावरून बनवतात. प्यू रिसर्चच्या २०२३च्या पाहणीत अमेरिकेतल्या साधारण ३२ टक्के प्रौढांनी स्वतःकडे बंदूक असल्याचं सांगितलं होतं. आपल्या मराठी वर्तुळात मात्र असे लोक मला क्वचित भेटतात, आणि जे भेटतात ते हळू आवाजात बोलतात. तेव्हा मंडळात तुम्हीच तो पहिला ओळखीचा माणूस असणार, असं धरून वागा.

पण बोलण्याआधी एक कायदेशीर गोष्ट, कारण आपल्या लोकांत हीच सर्वांत जास्त हुकते. एच-वन-बी, एफ-वन, बी-टू अशा तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या माणसाला फेडरल कायद्याने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला मनाई आहे. नेमबाजीच्या सरावाच्या रेंजवर भाड्याची बंदूक हातात घेणं हेही त्यात धरलं जातं. ग्रीन कार्ड असलेल्याला ही मनाई नाही. व्हिसावाल्यांसाठी मुख्य अपवाद म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा वैध शिकार-परवाना. तो जवळ असला तर चालतं, नसला तर नाही. उन्हाळ्यात आलेल्या आई-बाबांना गंमत म्हणून रेंजवर नेणं, ऑफिसातल्या एच-वनवाल्या मुलाला टीमबरोबर ओढून नेणं, हे कुणी हसतखेळत सुचवतं. गुन्हा मात्र फेलनी म्हणजे गंभीर स्वरूपाचा आहे, २०२२पासून कमाल शिक्षा १५ वर्षं, आणि वर इमिग्रेशनचं जे व्हायचं ते वेगळंच. कुणालाही रेंजचं आमंत्रण द्यायच्या आधी व्हिसा विचारा. विचारायला संकोच वाटत असेल तर आमंत्रण देऊ नका.

ओघात आलंच आहे म्हणून सांगते: रेंजला नेता ती बॅग भारतात जाताना वापरू नका. कप्प्यात राहिलेलं एक काडतूस मुंबईच्या विमानतळावर सापडलं तर शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जातो, आणि सुट्टी पोलीस ठाण्यात आणि कोर्टात जाते.

आता शेजारीण. तिला दुसऱ्या दुरुस्तीचा इतिहास ऐकायचा नाही. तिला फक्त एवढंच हवंय की आपलं मूल तुमच्या घरी असताना त्याच्या हाती काही लागणार नाही. तिने विचारायच्या आत तुम्ही सांगा: "घरात एक पिस्तूल आहे. ते बोल्ट करून बसवलेल्या तिजोरीत असतं, कोड मला आणि बायकोलाच माहीत आहे, मुलांना नाही. बघायची असेल तर तिजोरी दाखवतो." पिस्तूल दाखवायचं नाही, तिजोरी दाखवायची. आणि हे सांगण्याआधी ते खरंच तसं असलं पाहिजे, हे वेगळं सांगायला नको. कपाटात साड्यांखाली ठेवलेलं पिस्तूल म्हणजे लपवलेलं पिस्तूल, बंद केलेलं नव्हे, आणि साड्यांखाली काय आहे ते मुलांना आईच्या आधी माहीत असतं. ती तरीही म्हणाली की मुलं आमच्याच घरी खेळू देत, तर "चालेल" म्हणा आणि जाताना काहीतरी खाऊ घेऊन जा. नाराज व्हायचं नाही. तिचा तो अधिकार आहे, आणि तुम्ही तो मानलात हे ती लक्षात ठेवते.

स्वतःच्या मुलांना 'थांब, हात लावू नको, तिथून नीघ, मोठ्या माणसाला सांग' हे चार शब्दप्रयोग पाठ हवेत. एनआरए या बंदूकधारकांच्या संघटनेने १९८८ साली एडी ईगल या गरुडाच्या नावाने शाळकरी मुलांसाठी सुरू केलेला हा धडा आहे. मराठीत सांगितला तरी तितकाच चालतो. मात्र मुलाला धडा पाठ आहे म्हणून कुलूप लावायला ढील देऊ नका. मुलं धडा छान म्हणून दाखवतात आणि कुतूहल आलं की विसरतात.

मंडळातल्या लोकांचा आक्षेप वेगळ्या जातीचा असतो. "भारतात कुणाच्या घरी बंदूक नव्हती, आणि आपण निवांत झोपत होतो." हे खरं आहे, आणि खरं आहे असंच म्हणा. मग पुढे बोला. भारतात परवाना मिळणं मुळातच अवघड आणि नागरिकांकडची शस्त्रं लोकसंख्येच्या मानाने थोडी. अमेरिकेत स्मॉल आर्म्स सर्व्हेच्या २०१७च्या अंदाजाप्रमाणे लोकांकडे सुमारे ३९ कोटी ३० लाख बंदुका होत्या, म्हणजे माणसांपेक्षा जास्त. इथे प्रश्न 'बंदुका असाव्यात का' असा उरलेलाच नाही. त्या आहेत. मग कायद्याने चालणाऱ्या माणसाकडे असाव्यात की नाही आणि कुठल्या अटींवर, एवढंच बोलायचं. प्रश्न इतका छोटा केला की लोक त्यावर विचार करतात.

इतिहासात रस असलेला कुणी भेटला तर आपल्याकडचाच धागा आहे. १८७८चा शस्त्र कायदा भारतीय लोकांना परवाना मागायला लावायचा आणि युरोपियनांना सूट द्यायचा. काँग्रेसने सुरुवातीच्या अधिवेशनांपासून त्याविरुद्ध ठराव केले. १९३१च्या कराची ठरावातल्या मूलभूत हक्कांत, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता. डिसेंबर १९४८मध्ये ह. वि. कामत यांनी घटना समितीत तो हक्क घालण्याची दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी विरोध केला आणि ती मंजूर झाली नाही. ही गोष्ट सांगायची तर शेवटासकट सांगा. कामतांपर्यंत येऊन थांबलात आणि समोरच्याने आंबेडकरांचं उत्तर वाचलेलं असलं, तर त्या संध्याकाळी तुमचं दुसरं कुठलंच बोलणं कुणी ऐकणार नाही. खंडेनवमीच्या शस्त्रपूजेचा दाखला मात्र मी देत नाही. पाटावर मांडलेली आजोबांची तलवार आणि कमरेला लावलेलं भरलेलं नाइन एमएम पिस्तूल यांना एका ओळीत बसवलं की ऐकणारा मनात हसतो.

मला इथलाच इतिहास जास्त उपयोगी पडतो. अमेरिकेत वाढलेल्या मुलांशी बोलताना तर नक्कीच, कारण बंदुकीचा हक्क म्हणजे गोऱ्या, ग्रामीण, पिकअपवाल्या लोकांचा छंद अशी त्यांची समजूत असते. १९५६ साली माँटगोमेरीत घरावर बॉम्ब टाकला गेल्यावर मार्टिन ल्यूथर किंग यांनी पिस्तूल बाळगण्याच्या परवान्यासाठी अर्ज केला होता. तो नाकारला गेला. परवाना द्यायचा की नाही हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर असलं की असं होतं. शिकागोची हॅंडगनबंदी ज्या २०१०च्या निकालाने गेली, त्यातले ओटिस मॅक्डॉनल्ड हे निवृत्त कृष्णवर्णीय गृहस्थ होते, वस्तीतल्या चोऱ्यामाऱ्यांना वैतागलेले. २०२२च्या ब्रूएन खटल्यात न्यूयॉर्कच्या परवाना-पद्धतीविरुद्ध म्हणणं मांडणाऱ्यांत गरीब आरोपींचे सरकारी खर्चाने खटले लढवणारे वकीलही होते. विनापरवाना बंदुकीच्या गुन्ह्यात अडकतात ते बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो, हे ते रोज बघत होते. कॉलेजात जाणारी मुलगी हे ऐकून तुमच्या बाजूला येईलच असं नाही. पण 'बाबा आता त्या लोकांत सामील झाले' हे तिच्या डोक्यातून जातं, आणि सुरुवातीला तेवढं मला पुरतं.

आकड्यांच्या बाबतीत मी कडक आहे. आपल्या बाजूचे लोक 'दरवर्षी २५ लाख वेळा बंदुकीने स्वसंरक्षण होतं' असं बेधडक सांगतात. तो १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका टेलिफोन-पाहणीवरून काढलेला अंदाज आहे आणि तेव्हापासून वादात आहे. सरकारी गुन्हे-पीडित पाहणीतून येणारा आकडा वर्षाला साठ-सत्तर हजारांच्या आसपास असतो. खरं या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असेल. मी लहान आकडा सांगते आणि विचारते, की साठ हजार माणसं तरी थोडी आहेत का? मोठा आकडा सांगून तो खोडला जाण्यापेक्षा हे बरं. तसंच, समोरच्याने मॅगझिनला, म्हणजे बंदुकीतल्या गोळ्यांच्या कप्प्याला, क्लिप म्हटलं किंवा एआर-१५ रायफलच्या नावातल्या एआरचा चुकीचा अर्थ लावला, तर सुधारायला जाऊ नका. घाबरलेल्या माणसाची शब्दांवरून परीक्षा घेणारा कुणालाच आवडत नाही, आणि आपल्या बाजूला ही खोड फार आहे.

आणि एक आकडा विरोधकांनी काढायच्या आधी मीच काढते. २०२१ साली अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसं मेली, त्यातल्या २६,३२८ आत्महत्या होत्या. निम्म्याहून जास्त. आपल्या समाजात नैराश्य, नोकरी जाणं, घटस्फोट याबद्दल कुणी तोंड उघडत नाही, आणि अशा घरात पिस्तूल असणं हा खरा धोका आहे. न्यू हॅम्पशायरमध्ये २००९ साली एकाच दुकानातून बंदुका घेतलेल्या तिघांनी आठवडाभरात जीव दिला. त्यानंतर तिथले दुकानदार आणि आत्महत्या रोखण्याचं काम करणारे लोक एकत्र बसले, गिऱ्हाईक अडचणीत आहे हे कसं ओळखायचं याची पत्रकं काढली. पुढे इतर राज्यांनी ती कल्पना उचलली. यात कायद्याची सक्ती नव्हती, बंदूकवाल्यांनीच बंदूकवाल्यांसाठी केलेलं काम होतं. मी माझ्या प्रत्येक वर्गात हे सांगते: घरात कुणी खचलेलं असेल तर पिस्तूल काही काळ बाहेर जाऊ दे, कायद्याने पात्र असलेल्या मित्राच्या तिजोरीत ठेवा किंवा साठवण देणाऱ्या दुकानात, आणि ९८८ हा आत्महत्या रोखणाऱ्या मदतवाहिनीचा फोन नंबर फ्रिजवर लावा. मंडळात हक्कांवर भाषण देण्यापेक्षा हा विषय आधी काढा. डॉक्टर मंडळी, जी आपल्यात भरपूर आहेत आणि बहुतेक बंदूकविरोधी आहेत, तिथे पहिल्यांदा तुमच्याशी सहमत होतील.

काही दिवस गप्प राहायचे असतात. व्हर्जिनिया टेकच्या २००७च्या गोळीबारात ३२ जणांचा बळी गेला, त्यांत भारतीयही होते. त्या काळात तिथे शिकलेले, तिथल्यांना ओळखणारे लोक उत्तर व्हर्जिनियात भेटतातच. त्यांच्यासमोर 'एखाद्याकडे बंदूक असती तर' हे वाक्य कधीही उच्चारू नका. त्यांनी स्वतःहून विचारलं तर सांगण्यासारखं खरं काहीतरी आहे. मारेकऱ्याला कोर्टाने मानसोपचाराचा आदेश दिलेला होता आणि ती नोंद बंदूक विकण्याआधी होणाऱ्या पार्श्वभूमी-तपासणीच्या यादीत गेलीच नव्हती. राज्याने ती फट लगेच बुजवली. फेडरल पातळीवर जानेवारी २००८मध्ये कायदा झाला आणि त्याला एनआरएचाही पाठिंबा होता.

रेंजवर नेण्याबद्दल थोडक्यात. पहिल्यांदा येणाऱ्याच्या हाती पॉइंट टू-टूच, म्हणजे छोट्या कॅलिबरची बंदूकच द्या. मॅगझिनमध्ये एकच गोळी. कानात बोळे आणि त्यावर मफ, दोन्ही, कारण इनडोअर रेंजवर शेजारच्या लेनमधल्या रायफलच्या आवाजानेच निम्मे लोक कायमचे दुरावतात. शक्य असेल तर आठवड्यातल्या कामाच्या दिवशी सकाळी जा, गर्दी नसते. जायच्या आधी घरच्या टेबलावर नियम समजावा, तेही रिकाम्या हाताने. व्हिडिओ काढू नका, फेसबुकवर तर अजिबात नाही. कुणी दोन गोळ्यांनंतर "बस झालं" म्हणाला तर लगेच आवरा आणि चहाला न्या. मित्राला दणका बसावा म्हणून मोठ्या कॅलिबरचं रिव्हॉल्वर हातात देणारे महाभाग मी पाहिलेत. त्यांनी आपल्या बाजूचं जेवढं नुकसान केलंय तेवढं कुठल्या विरोधी जाहिरातीने केलं नसेल.

आता राज्यातलं काम. रिचमंडचं अधिवेशन जानेवारीच्या दुसऱ्या बुधवारी सुरू होतं. सम वर्षी साठ दिवस, विषम वर्षी त्याहून कमी. प्रतिनिधीगृहात १०० डेलिगेट, सिनेटमध्ये ४० सिनेटर. बंदुकीची विधेयकं बहुतेक वेळा सबकमिटीतच जगतात किंवा मरतात. तिथे नागरिकाला बोलायला मिनिट-दोन मिनिटं मिळतात, आणि प्रतिनिधीगृहाच्या समित्यांपुढे घरून ऑनलाइनही बोलता येतं. मिनिटभरात दुसरी दुरुस्ती समजावू नका, ती त्यांना ठाऊक आहे. सांगा की मी अमुक गावात राहतो, रात्रपाळी करतो, या विधेयकातल्या अमुक कलमाने माझं असं-असं होईल. एक कलम, एक परिणाम, धन्यवाद. वकिली सूर लावला की सदस्य फोन बघायला लागतात.

मार्टिन ल्यूथर किंग दिनी, जानेवारीच्या तिसऱ्या सोमवारी, बंदूक-हक्कवाल्यांचा लॉबी डे, म्हणजे आमदारांना भेटून बाजू मांडायचा दिवस असतो. २०२०मध्ये त्या दिवशी कॅपिटॉलभोवती, म्हणजे विधिमंडळाच्या इमारतीभोवती, सुमारे २२ हजार लोक जमले होते आणि सगळं शांततेत पार पडलं. तरी जगभर छापून आले ते रायफली लटकवलेल्या लोकांचे फोटो. एकदा अनुभव म्हणून जरूर जा. काम व्हायचं असेल तर दुसऱ्या कुठल्यातरी साध्या मंगळवारी-बुधवारी जा, आधी वेळ घेऊन, आणि डेलिगेट भेटला नाही तर त्याच्या सहायकाशी बसा. विधेयकाबद्दल डेलिगेटला माहिती बऱ्याचदा तोच देतो. पिस्तूल घरी ठेवून जा. कॅपिटॉल स्क्वेअरमध्ये ते नेता येत नाही. त्याहून बरं म्हणजे उन्हाळ्यात, अधिवेशन नसताना, तुमच्याच मतदारसंघात त्यांना गाठणं. तेव्हा त्यांच्याकडे वेळ असतो आणि घाई नसते. फेअरफॅक्समध्ये तुमचा डेलिगेट बहुधा डेमोक्रॅट असेल. म्हणून न भेटणं हा शुद्ध आळस. उलट त्यांना बंदूक बाळगणारा, कर भरणारा, गणपती बसवणारा मतदार बहुधा पहिल्यांदाच भेटत असतो.

दोन्ही बाजूंचे लोक एका टेबलाशी बसले की काय होतं याचं उदाहरण द्यायचं तर २०२३चं घ्या. बंदुकीची तिजोरी किंवा लॉकबॉक्स घेणाऱ्याला राज्याच्या आयकरात ३०० डॉलरपर्यंत सवलत देणारा कायदा झाला. बंदूकवाल्यांवर सक्ती नाही, आणि मुलांच्या सुरक्षिततेची काळजी असणाऱ्यांचंही समाधान. पिस्तूल कपड्यांखाली लपवून जवळ बाळगायच्या परवान्याचंही तसंच: इथे तो सर्किट कोर्ट देतं, अटी पूर्ण असतील तर ४५ दिवसांत द्यावाच लागतो, फी कमाल ५० डॉलर, मुदत पाच वर्षं. ही पद्धत आटोपशीर आहे, ती चालते, हे लोकांना सांगत राहिलं पाहिजे, नाहीतर उद्या कुणी फी दहापट करायला निघालं तर बाजूने बोलायला कुणी उरणार नाही. फक्त प्रत्येक अधिवेशनानंतर, १ जुलैला नवे कायदे लागू होतात तेव्हा, कलमं पुन्हा वाचा. माझ्यासकट कुणाच्याही जुन्या माहितीवर विसंबू नका.

काउंटीच्या पातळीवर मैदान छोटं आहे, कारण बंदुकीचे बहुतेक नियम राज्याच्या हातात असतात. २०२०च्या कायद्याने सरकारी इमारती आणि उद्यानांत बंदी घालायची मुभा स्थानिक संस्थांना मिळाली आणि फेअरफॅक्सच्या बोर्ड ऑफ सुपरवायझर्सनी, म्हणजे काउंटीचा कारभार बघणाऱ्या मंडळाने, त्याच सप्टेंबरात ती वापरली. २०१९-२० च्या हिवाळ्यात राज्यातल्या शंभरावर काउंट्या-गावांनी 'दुसऱ्या दुरुस्तीचं अभयस्थान', म्हणजे बंदूक-हक्काविरुद्धचे कायदे इथे मानणार नाही, अशा अर्थाचे ठराव केले. सभागृहं ओसंडली, टाळ्या पडल्या. त्या ठरावांना कायद्याचं बळ नाही, असं तेव्हाच्या ॲटर्नी जनरलने लेखी मत दिलं होतं. ठरावांनी लोक एकत्र आले हे मला मान्य, पण तुमच्या काउंटीत तसा ठराव आणायच्या मागे लागू नका. मतं नाहीत आणि हाती काही येणार नाही. त्याऐवजी रेंजच्या परवानगीची, आवाजाच्या नियमांची, झोनिंगची सुनावणी असते तिथे जा. त्या रटाळ बैठकांना विरोध करणारे शेजारी हमखास येतात, बाजूने बोलणारं कुणी नसतं, आणि एक रेंज बंद पडली की शेकडो नवशिक्यांची शिकायची जागा जाते. मंडळाच्या आरोग्य शिबिरात रक्तदाबाच्या टेबलाशेजारी बंदुकीला लावायची फुकट केबल-लॉक वाटायचं टेबल मागून बघा. लॉक मिळायला अडचण येत नाही, प्रोजेक्ट चाइल्डसेफसारखे उपक्रम ती पोलिसांमार्फत फुकट देतात. कार्यकारिणी पहिल्या वर्षी नाही म्हणेल. पुढच्या वर्षी पुन्हा विचारा, आणि टेबलावर कुठल्याही संघटनेचा झेंडा नसेल हे लिहून द्या.

स्टिकर लावू नका. गाडी पार्किंगमध्ये उभी असताना तो स्टिकर तुमचं मत कुणाला पटवून देत नाही, फक्त 'आत पिस्तूल असू शकतं' हे चोराला सांगतो. गाडीत पिस्तूल ठेवावंच लागलं, तर सीटखाली केबलने बांधलेल्या पेटीत ठेवा आणि रात्री न चुकता घरात आणा.